मेन स्विचजवळची बाई

अहो, तुमचा गिटारचा ॲम्प मी उघडला.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि पुढच्याच आठवड्यात उघडला. आता रागवा. ‘हात लावू नको’ म्हणून ओरडायची सवय आहे ना तुम्हाला, ओरडा. निदान घरात आवाज तरी येईल.

मोहोळच्या स्टँडवर गेलात तुम्ही. ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलाचं लग्न उरकून एसटीची वाट बघत सिमेंटच्या बाकड्यावर बसलात आणि उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. वर्षभर तुम्ही त्याला पित्त म्हणत होता आणि माझ्या हातचं सोलकढी-ताक पीत होता. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचात, ‘मला माझं मशीन कळतं.’ भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून गेला, त्रास न होता गेले हो, भाग्यवान. मी मान हलवली. भाग्य कुणाचं आणि त्रास कुणाला, हे दारात चपला काढणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

गंमत बघा. इतकी वर्षं मला भीती होती ती त्या ॲम्पची. तुम्हीच घातलेली. बाकीच्यांचे गिटारचे ॲम्प म्हणजे वायर जोडली की वाजणारी पेटी. तुमचा जुन्या पद्धतीचा, व्हॉल्व्हचा. रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आणि आत चारशे-साडेचारशे व्होल्ट. बंद केल्यावरसुद्धा आतले कपॅसिटर करंट धरून ठेवतात आणि माणसाला उचलून फेकतात, असं तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मला समजावलंत. इतर नवरे तेव्हा बायकोला महाबळेश्वर दाखवतात.

मग नियम ठरला. ॲम्प उघडायचा तर एकट्यानं नाही. उजव्या हातात मीटरची दांडी, डावा हात पँटच्या खिशात, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही. आणि मी दाराशी, मेन स्विचखाली, स्टुलावर. तुम्ही चिकटलात तर तुम्हाला हात लावायचा नाही, आधी स्विच पाडायचा. तेवढ्यानं नाही भागलं तर कोरड्या लाकडानं हात झटकायचा. घरात कोरडं लाकूड म्हणजे लाटणं. त्यामुळे नवरा खाली मान घालून बसलाय आणि बायको लाटणं घेऊन त्याच्यावर नजर ठेवून, असं दृश्य आपल्या गल्लीनं कितीदा तरी पाहिलं. तुमच्या ऑर्केस्ट्रातले शिनूभावजी, ड्रम वाजवणारे, पहिल्यांदा बघून दारातूनच परत फिरले होते. ‘नाना, भांडण मिटू द्या, मग येतो की.’

‘डावा हात खिशात आहे तोवर तुझं कुंकू शाबूत,’ असं म्हणायचात तुम्ही. मोहोळला दोन्ही हात मांडीवर होते म्हणे.

बरं, एवढं सगळं कशासाठी? तर बायस लावायला. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की माहेरच्यांना वाटायचं, हे कुठलं व्रत आहे. गिटार वाजत नसतानाही व्हॉल्व्हमधून थोडा करंट वाहतच असतो. तो किती वाहू द्यायचा हे ठरवणं म्हणजे बायस. कमी ठेवला तर आवाज कोरडा, जीव नसलेला. जास्त ठेवला तर आवाज गोड, पण व्हॉल्व्ह आतून लाल होऊन जळतो. व्हॉल्व्ह बदलला की बायस नव्यानं लावायचा आणि मधूनमधूनही तपासायचा. तुम्ही तपासत होता. स्वतःचं बीपी तपासलं नसेल इतक्या वेळा तपासलंत.

ते काम चालू असताना तुम्ही बोलायचात. एरवी तुमच्याकडून ‘मीठ दे’च्या पुढचं वाक्य ऐकायला पाहुणा यावा लागे. पण ॲम्प उघडा असला की तुमचं तोंडही उघडायचं. ‘आता बघ, स्पीकर जोडलाय का? स्पीकरशिवाय कधी चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जातो.’ ‘आता आकडा बघ, चढतोय. घाई करायची नाही. व्हॉल्व्ह तापू दे, मग खरं बोलतो.’ माझ्याशीच बोलताय असं मला वाटायचं. तुम्ही खरं तर स्वतःशी बोलत होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तरी मी ऐकत राहिले. काम झालं की तुम्ही माझ्याकडे पाठ करून गिटारवर काहीतरी वाजवायचात, कुठलंही गाणं नाही, नुसतंच. फळीवरची ताटं थरथरायची. मी लाटणं मांडीवर ठेवून बसून राहायची. मला आवडायचं. कधी सांगितलं नाही, आता सांगते, फार आवडायचं. त्या वेळापुरता तरी मला तुमचा राग यायचा नाही.

आणि आता ते मिक्सरचं.

तुम्हाला वाटत असेल, हिनं विसरून टाकलं असेल. मी विसरले नाही. आपलं घर शहराच्या पूर्व भागात, दोन्ही बाजूला कापडाचे यंत्रमाग. दिवसभर खडखड, ती थांबली की माणसाला झोप लागेनाशी होते. मी शेंगाचटणी करून विकते. लोक खलबत्त्याचं कौतुक करतात आणि मिक्सरचीच खातात. तर माझ्या लक्षात आलं, मागांच्या सुट्टीच्या दिवशी माझी चटणी बिघडते. मिक्सर भलत्याच जोरात फिरतो, शेंगा तेल सोडतात आणि चटणीचा गोळा होतो. इतर दिवशी तेवढ्याच वेळात छान भरड निघते. माग बंद म्हणजे गल्लीत करंटला दुसरं गिऱ्हाईक नाही, सगळा आपल्याकडे. यात काय मोठं शास्त्र?

तुम्ही बायस लावायचात तो नेमका मागांच्या सुट्टीला. शांतता असते म्हणून. आणि मग कामाच्या दिवशी संध्याकाळी सराव करताना कुरकुरायचात, आवाज बसलाय, अंग नाही. कधी गिटारच्या तारांना दोष, कधी हवेला, एकदा तर मी भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटाला. दोन वर्षं ते कपाट घरभर फिरलं. शेवटी मी म्हटलं, तुम्ही लावता तेव्हा करंट चढलेला असतो आणि वाजवता तेव्हा उतरलेला. माझ्या मिक्सरचं तेच होतं.

शिनूभावजी बसले होते, अजून दोघं होते. तुम्ही हसलात. ‘ऐका रे, मिक्सर काय म्हणतोय ते ऐका. चटणीचं नि व्हॉल्व्हचं काय गं नातं?’ सगळे हसले. शिनूभावजी म्हणाले, ‘वहिनी, लसूण टाकून बगा की ॲम्पात, लई भारी वाजंल.’ मीही हसले. चार माणसांत नवऱ्यानं टर उडवली तर बायकोनं हसायचं असतं, नाहीतर ती रागीट ठरते.

महिना झाला नसेल. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत येत होते. तुम्ही शिनूभावजींना सांगत होता, ‘मला एक सुचलंय. आपण चुकीच्या दिवशी लावतोय. मागांच्या सुट्टीला व्होल्टेज चढतं. माग चालू असताना लावला पाहिजे.’ शिनूभावजींनी मांडीवर थाप मारली. ‘नाना, काय डोकं हाय तुमचं!’ मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चुकून नजर गेली असती तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही नीट बघितलंत आणि मग पुढचं वाक्य बोललात.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं. तुम्ही भाकरी मोडत शांतपणे म्हणालात, ‘तू मिक्सरचं बोललीस. मी व्होल्टेजचं बोललो. त्यात फरक आहे.’

काय फरक आहे? मी तेव्हाही विचारलं. नंतरही विचारलं, तुमच्या वाढदिवसाला, पल्लवीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, एकदा बार्शीला जाताना भर एसटीत. प्रत्येक वेळी तुम्ही ‘हिचं अजून तेच’ अशा चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघायचात. मला वाटायचं, म्हातारपणी तरी कबूल करतील. दोघंच असू, ऐकायला कुणी नसेल, तेव्हा काय जाईल यांचं? मी त्या म्हातारपणाची वाट बघत होते, अहो. ते तुम्ही बाकड्यावर सोडून दिलंत.

असो. शिनूभावजींचा फोन आला. ‘वहिनी, नानांच्या आठवणीचा कार्यक्रम करायचा हाय. हॉल बी ठरलाय. नानांचा ॲम्प स्टेजवर पाहिजे बगा, त्याच्याशिवाय काय अर्थ न्हाय. शनवारी येऊन नेतो की.’ मी हो म्हटलं. म्हटलं, द्यायच्या आधी चालू तरी करून बघावा. केला. थोड्या वेळात एका व्हॉल्व्हमधला पत्रा लाल व्हायला लागला. चुलीतल्या निखाऱ्यासारखा, कडेकडेनं. मी स्विच पाडला.

पल्लवी अजून पुण्याला परतली नव्हती. ती म्हणाली, ‘आई, शिनूकाकांना सांग, ते पुण्यात कुणाकडून करून घेतील.’ मी म्हटलं, ‘तू त्या स्टुलावर बस.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी चिकटले तर मला हात लावायचा नाही. आधी हा पाडायचा. आणि हे धर.’

लाटणं हातात घेऊन पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. ‘आई, तुला येतं हे?’

काय सांगू तुम्हाला, त्या प्रश्नानं मला किती बरं वाटलं ते. असं मला या घरात कुणी विचारलंच नव्हतं.

येत होतं, अहो. सगळं येत होतं. इतकी वर्षं समोर बसून लाटण्यालाही आलं असतं. प्लग काढला, आतला पत्र्याचा सांगाडा बाहेर घेतला, चिमट्याच्या वायरीनं कपॅसिटर रिकामे केले आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत बोट घातलं नाही. ‘लाल झाला म्हणजे व्हॉल्व्ह गेला की त्याला धरून ठेवणारं मायनस व्होल्टेज गेलं, आधी ते बघ’ हे तुमचं पाठ होतं. व्हॉल्व्ह काढून, प्लग परत लावून ते मोजलं. व्होल्टेज होतं, म्हणजे व्हॉल्व्हच गेला होता. तुम्ही मागवून ठेवलेली नवी जोडी कपाटात होती, ती प्लग काढून, कपॅसिटर पुन्हा रिकामे करून घातली. बायसचा स्क्रू आधी पार थंडाकडे, म्हणजे कमीत कमी करंटकडे फिरवला. स्पीकर जोडलेला आहे, हे पल्लवीला दोनदा बघायला लावलं. मग चालू केला.

एकच अडचण आली. डावा हात कुठं ठेवायचा? साडीला खिसा नसतो. इतकी वर्षं नियम सांगितलात, पण हे काही तुमच्या डोक्यात आलं नाही, कारण मी तिथं बसेन असं तुम्हाला कधी वाटलंच नाही. शेवटी मी पदर कमरेला खोचला आणि हात मागून त्या खोचलेल्या पदरात अडकवला.

बाहेर माग चालू होते. मुद्दाम कामाचा दिवस धरला होता. तुमच्या भाषेत व्होल्टेज, माझ्या भाषेत मिक्सर. आकडा हळूहळू चढवला, थांबले, तापू दिलं, परत बघितलं. दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखे आले. तुम्ही पस्तीसवर ठेवायचात. मी अडतीसवर ठेवला. हिशोब करून ठेवला, जळणार नाही एवढाच. तुमचा आवाज मला नेहमी थोडा कडक वाटायचा. तेही विचारलं नाहीत तुम्ही कधी.

पल्लवीनं तुमची गिटार घेतली आणि येते ती एकुलती एक धून वाजवली. ताटं थरथरली आणि मग मी रडले. मोहोळहून तुम्हाला आणलं तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. तुमच्यासाठी रडले, हे खरं आहे. इतकी वर्षं स्टुलावर बसवून ठेवलेल्या माझ्यासाठीही रडले, हेही खरं आहे. दोन्ही वेगळं करायला मला जमत नाही.

शनिवारी शिनूभावजी आले, बरोबर टेम्पो. जिन्यात मी स्पष्ट सांगितलं, ‘भावजी, एक व्हॉल्व्ह गेला होता. नवी जोडी मी घातलीय आणि बायस मी लावलाय. जपून न्या.’

‘व्हय व्हय वहिनी, जपूनच,’ असं म्हणाले आणि खाली ओरडले, ‘ए, जरा मागं घे की टेम्पो!’

कार्यक्रम मोठा झाला, खोटं कशाला बोलू. हॉल भरला होता. तुमचा फोटो, हार, त्याच्या शेजारी ॲम्प, त्यालाही हार. त्याच्या डोक्यावर झेंडू बघून मला पहिली भीती ही वाटली की पाकळ्या आत पडून जळतील. तुमच्याकडे शिकलेल्या मुलानं गिटार वाजवली. लोक डोळे पुसायला लागले. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, ‘अगदी नाना. डोळे मिटले तर नानाच.’ मी मनात म्हटलं, नाना नव्हे, अडतीस.

मग शिनूभावजी माईकवर आले. आधी मागांच्या सुट्टीची गोष्ट सांगितली. वहिनींच्या मिक्सरच्या आवाजावरून नानांनी कसं ओळखलं, असं काय त्यांचं डोकं होतं, असा काय कान होता. शिनूभावजी खोटं बोलत नव्हते. ते त्या दिवशी तिथं होते, हसले होते, तरी त्यांना तसंच आठवतं, कारण नंतर तुम्ही पन्नास वेळा तसंच सांगितलंत. आणि पुढं त्यांचा आवाज भरून आला. ‘ॲम्प उघडून बगितला आमी. आत नवे कोरे व्हॉल्व्ह! नानांनी जायच्या आदी आपल्या हातानं घालून, बायस लावून ठिवला होता. जणू त्यास्नी ठावं होतं, आज वाजवायचा हाय म्हणून.’

हॉलमध्ये असा सुस्कारा उमटला की काय सांगू.

मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. म्हटलं, ‘शिनूभावजी, ते व्हॉल्व्ह मी बदललेत. बायस मी लावलाय. आणि मागांच्या सुट्टीला करंट चढतो हे मी सांगितलं होतं, यांना. यांनी नाही शोधलं.’

मग शिनूभावजी स्टेजवरून खाली आले, डोळ्यांत पाणी, माझ्यासमोर हात जोडले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, ‘बगा! नाना गेलेच न्हाईत. वहिनींच्या तोंडून नानाच बोलायलेत!’

टाळ्या पडल्या, अहो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या बाईंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं, पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ‘रडून घ्या, मोकळ्या व्हा. होतं असं, सुरुवातीला काहीच सुधरत नाही.’ पल्लवी उठून म्हणाली, ‘आई खरं बोलतेय, मी होते तिथं.’ तर दुसरीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘पोरगी पण बिचारी.’

ॲम्प परत आणलाय. द्यायचा नाही, असं सांगितलंय सगळ्यांना. मागणारे तीन जण झाले. तो माझा आहे. त्याची देखभाल मी करीन, आणि पल्लवीला शिकवीन, नीट, तोंडानं, ती काय विचारते ते ऐकून.

तुमच्याशी मात्र माझं मिटलेलं नाही. विधवा मी मोहोळला झाले. ते मी सोसेन, सगळ्याच बायका सोसतात. पण त्या हॉलमध्ये, तुमच्या फोटोसमोर, मी वेडी ठरले. आणि मी खरं बोलतेय हे शपथेवर सांगू शकेल असा एकच माणूस होता. त्याला हार घातलेला होता.

‘हे हिनं सांगितलं.’ एवढंच वाक्य होतं, अहो. चहाचा कप माझ्या हातून घेता घेता म्हणाला असतात, तर काय कमी झालं असतं तुमचं?